लावलेली हरळी

आमच्या भागात माणसाची पारख दोन ठिकाणी व्हायची. एक त्याच्या दावणीला, आणि दुसरी त्याच्या रानातल्या हरळीत. सोयरीक बघायला आलेली जुनी माणसं चहा झाला की म्हणायची, "चला, जरा रानाकडं पाय मोकळे करून येऊ." पाय मोकळे करणं हे निमित्त. डोळे बांधावरून आत सरकत असायचे. ज्वारी किती भरली यापेक्षा हरळी किती शिरली, हे ती बघायची. पीक एका सालाचं असतं, पावसावर असतं. हरळी मात्र पाच-दहा सालांचा हिशेब सांगते. घरात भावाभावांचं जमतं का, कर्ता माणूस रानात असतो का पारावर, बैल आहेत का नुसती दावण रिकामी आहे, हे सगळं ती न विचारता सांगून टाकते.

सोलापूर जिल्ह्यातलं, भीमेच्या खोऱ्यातलं हे काळं रान. या रानात तीन जणांना आम्ही शत्रू मानत आलो: कुंदा, लव्हाळा आणि हरळी. त्यात हरळी दिसायला सगळ्यात गरीब. बोटभर उंचीची, मऊ, अनवाणी पायाला गार लागणारी. पण तिचा संसार वर थोडा आणि खाली फार. एक खोड जमिनीला चिकटून पळतं आणि प्रत्येक कांड्याला मूळ सोडतं. दुसरं मातीच्या पोटातून जातं, पांढरं, टोकदार. त्यांना आम्ही काशा म्हणतो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, त्या भेगांतून काशा हातभर खाली उतरून बसतात. वरचं सगळं जळून गेलं तरी मृगाच्या पहिल्या पावसाला त्या परत डोकं वर काढतात.

तिला मारायला म्हणून जे करावं त्यातल्या निम्म्या गोष्टींनी ती वाढते. कांडं तुटलं की ते मरत नाही, त्याचं दुसरं झाड होतं. म्हणून हरळीच्या रानात ओल असताना कुळव घालू नये असं जुनी माणसं सांगत. कुळवाच्या फासेला अडकून एका कोपऱ्यातली हरळी साऱ्या पट्टीत हिंडून येते. आता रोटाव्हेटर आला आहे. तासाभरात रान पिठासारखं करून देतो, बघणाऱ्याला समाधान वाटतं. पण तो हरळीचे हजार तुकडे करून ते सगळीकडं सारखे पसरूनही देतो. महिन्याभरानं रान बघावं, गालिचा अंथरल्यासारखं हिरवं होतं.

आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आयुष्यातले तीसेक उन्हाळे या काशा काढण्यात घालवले. चैत्रात खोल नांगरट करायची, ढेकळं उलथी पाडून वैशाखाच्या उन्हात तापू द्यायची, मग उक्तं देऊन गडी लावायचे. कुदळी घेऊन चौघं-पाचजण एका ओळीत खांदत पुढं सरकत. मागून बाया पाट्या घेऊन काशा वेचत. बांधावर ढीग पडायचे, वाळले की पेटवून द्यायचे. 1972च्या दुष्काळात मात्र तेच ढीग पेटवले नाहीत असं आजी सांगायची. माणसं परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खात होती आणि जनावरांपुढं खांदून, धुऊन काढलेल्या काशा टाकत होती. "त्या साली हरळीनं बैल जगीवलं," असं म्हणून ती लगेच पुढं जोडायची, "अन् पुढच्या साली पुन्यांदा खांदाया लावलं."

या आजीलाच मी लहानपणी एक प्रश्न विचारला होता. भाद्रपदात ती बांधावर जाऊन दुर्वा खुडायची, तीन-तीन पात्यांच्या, एकवीस मोजून जुडी बांधायची. बांधाच्या अलीकडं रानात तीच हरळी आण्णा खांदत असायचे. इकडं गणपतीच्या माथ्यावर आणि तिकडं आगीत, हे कसं? आजी म्हणाली, "पाव्हना वसरीवर बसला तर पाव्हना. न इचारता चुलीपशी गेला तर त्येला काय म्हनायचं?"

हे उत्तर मला पुष्कळ वर्षं पुरलं. गवत वाईट नाही, जागा वाईट. बांधावर दुर्वा, रानात हरळी. पुण्याच्या नर्सरीत तेच गवत 'बर्म्युडा लॉन' या नावानं चौरस फुटावर विकलं जातं, हे बघितल्यावर तर आजीचं म्हणणं आणखीच पटलं. आमच्या माणसांनी पिढ्यानपिढ्या पैसे देऊन जे काढलं ते शहरातली माणसं पैसे देऊन लावतात आणि त्यावर चालू नका म्हणून पाटी लावतात. यात हसण्यासारखं असेल, पण चुकीचं काही नाही. बंगल्यापुढं चुली नाहीत, सगळी ओसरीच आहे.

पण आजीच्या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ओसरी कुठं संपते आणि चूल कुठं सुरू होते हे पाहुण्याला कळतं, असं ते उत्तर धरून चालतं. हरळीला ते कळत नाही. बांध आपण घातला, सातबारा आपण केला, गट नंबर आपण दिले. तिच्या दृष्टीनं ती एकच जमीन आहे. तेव्हा तिच्यावर घुसखोरीचा आरोप ठेवता येत नाही. मग ठेवायचा कुणावर? हरळी आपोआप आली असेल तर प्रश्न सोपा आहे, कुणावरच नाही. वाऱ्यापावसावर कोण खटला भरणार! पण एखाद्यानं ती मुद्दाम लावली तर?

मुद्दाम लावतात, हे आमच्या गावात सांगितलं तर पूर्वी लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण अमेरिकेच्या दक्षिण भागात ती लाखो एकरांवर लावलेली आहे, जनावरांच्या चराईसाठी आणि वाळल्या गवतासाठी. तिथं तिला बर्म्युडा गवत म्हणतात. नाव त्या बेटाचं असलं तरी ती मूळची आफ्रिका-आशियाच्या बाजूची. तिकडच्या कापूसवाल्यांचं आणि तिचं नातं अगदी आमच्यासारखंच होतं. कापसाच्या रानात ती शिरली की शेतकरी कपाळाला हात लावायचा. जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे, तिथल्या संशोधन केंद्रात 1936 साली ग्लेन बर्टन नावाचा तरुण शास्त्रज्ञ आला आणि त्यानं नेमक्या याच गवतात लक्ष घातलं. कापसाच्या एका जुन्या रानात सापडलेली जोमदार हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतून आणलेली हरळी यांच्या संकरातून त्यानं हजारो रोपं वाढवली, त्यातलं एक निवडलं. 1943 साली ते 'कोस्टल' या नावानं शेतकऱ्यांना दिलं. उंच वाढणारं, कापून वाळवता येणारं, दुष्काळाला टिकणारं.

या कोस्टलची एक खोड मला विचार करायला लावते. तिला तुरे कमी येतात आणि उगवण्यासारखं बी जवळजवळ धरतच नाही. म्हणजे ती पेरता येत नाही, तुकडे लावावे लागतात. लावणाऱ्याला हा त्रास. पण शेजाऱ्याचा तोच फायदा: बी वाऱ्यावर, पाण्यावर, जनावराच्या शेणातून पलीकडं जात नाही. सरकेल ती फक्त कांड्याकांड्यानं, डोळ्यांदेखत. जे आवरता येत नव्हतं त्यातून निदान एका बाजूनं आवरणारं असं काहीतरी हाताला लागलं. पुढं त्याच केंद्रानं थंडी सोसणारा टिफ्टन 44 हा वाण दिला, त्याच्यासाठी बर्लिनमध्ये तग धरून राहिलेली हरळी वापरली होती. नंतर टिफ्टन 85 आला, जाड कांड्याचा, जनावराला जास्त पचणारा. तो वाणही बियांनी वाढत नाही.

निवड कशी करायची याचं तिकडचं शास्त्र ऐकण्यासारखं आहे. थंडी किती पडते, जमीन हलकी का भारी, पाणी किती, आणि मुख्य म्हणजे गवत चारायचं आहे का कापून वाळवायचं आहे, हे आधी ठरवायचं. वाळवायचं तर उंच आणि लवकर सुकणारं हवं, जाड कांड्याचं सुकायला वेळ घेतं. बी पेरून येणारे वाण लावायला स्वस्त, पण बी बारीक, वरच्या मातीतच पडायला हवं आणि रोप धरेपर्यंत ओल हवी. तुकड्यांनी लावायचे वाण महाग, पण एकदा धरले की पिढीभर. तुकडे ताजे हवेत, काढल्यावर उन्हात पडले की मेले. सुमारे 2 इंच खोल, ओल्या मातीत, एक टोक वर ठेवून, वरून दाबून. पहिल्या हंगामात दुसऱ्या तणाची सावली पडू द्यायची नाही. मग दर 4-5 आठवड्यांनी कापणी. उशीर केला की पेंढी मोठी दिसते पण सत्त्व उतरतं. आणि गठ्ठे बांधताना ओलावा 15 ते 18 टक्क्यांच्या खाली आलेला हवा, नाहीतर गंज आतून तापते. आमच्याकडं कडब्याचं बुचाड ओलं रचलं तर जे होतं तेच.

इथं एक गंमत ध्यानात येते. तुकडे करा, ओलीत टाका, दाबा, दुसरं काही त्यावर वाढू देऊ नका. हे सगळं आमचा रोटाव्हेटर न सांगता करत असतो. तिकडं ज्याला लागवड म्हणतात, त्याला इकडं आम्ही सत्यानाश म्हणतो. क्रिया तीच.

तिकडच्या त्या टिफ्टनचं आणि आमचं हरळीशिवाय आणखी एक नातं आहे. बर्टन यांनी बाजरीवरही काम केलं. तिथं तयार झालेली टिफ्ट 23ए ही वंध्य नराची ओळ भारतात आली आणि तिच्यावरून 1965 साली एचबी-1 ही आपली पहिली संकरित बाजरी निघाली. उत्पन्न वाढलं. पण 1970च्या दशकात गोसावी रोगानं संकरित बाजरीला असं झोडपलं की कणसाच्या जागी नुसती पात्यांची शेंडी दिसायची. चांगली म्हणून आणलेली गोष्ट चांगलीच राहील याची हमी आणणारा कधीच देऊ शकत नाही. 2012 साली टेक्सासमध्ये एल्गिन गावाजवळ टिफ्टन 85 च्या कुरणात 15 जनावरं मेली. दुष्काळानं ताणलेल्या त्या गवतात सायनाइड तयार झालं होतं. आपल्याकडं कोवळी, पाण्यावाचून ताणलेली ज्वारी खाऊन जनावर दगावतं ना, त्याच जातीचा प्रकार. कुरण बऱ्याच वर्षांचं होतं, तोवर काही झालं नव्हतं. लावताना जे माहीत होतं तेवढ्यावर माणसानं लावलेलं असतं. पण लावून झाल्यावर नजर ठेवायची ती कुणी, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न आमच्या घरी आला तो दादाच्या पायांनी. दादा म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा. त्याची दीड एकर ओढ्याकडं, आमच्या रानाला लागून. वरच्या अंगाला कॅनॉल आला, मागोमाग ऊस आला. उसाला पाणी मोजून कोण देतंय! ते पाणी जमिनीच्या पोटातून उतरत उतरत दादाच्या रानात थांबलं. निचरा नाही. उन्हाळ्यात वर पांढरी पापडी धरायला लागली. दहा-बारा वर्षांत त्या दीड एकराचं चोपण झालं. ज्वारी उगवून पिवळी पडायची. संकरित नेपियर लावून बघितला, फुटवे धरले नाहीत. सातबाऱ्यावर 'पड' लागलं. दावणीला सहा म्हशी, आणि कडब्याच्या पेंढीचा भाव दर साली वरच. एका दुष्काळात त्यानं म्हशी चारा छावणीत नेल्या. दोन महिने तिथंच झोपला आणि येताना त्यातल्या दोन विकून आला.

त्या चोपणात एक गोष्ट मात्र न लावता हिरवी होती. हरळी. खाराला ती दबत नाही. एके दिवशी तो आण्णांपुढं येऊन बसला.

"आण्णा, त्या चोपनात काय सुदिक येत न्हाई. हरळी तेवढी येतीया. मग म्हनलं, हरळीच लावावी."

आण्णांनी तंबाखू मळायची थांबवली. "आरं, हरळी कुनी लावतं व्हय? ती काय लावायची चीज हाय?"

"म्हसरं खात्यात की."

"म्हसरं खात्यात, पर बांद खातोय का? पलीकडं माझा कांदा हाय."

यावर दादा जे बोलला ते मला आजवर विसरता आलेलं नाही. तो म्हणाला, "आण्णा, वरच्यांनी ऊस लावताना माझ्या ज्वारीचं इचारलं हुतं का कुनी?"

आण्णा गप्प बसले. मीही तिथंच होतो. त्याला उत्तर नव्हतं, आणि तरी त्याचं म्हणणं पुरतं पटतही नव्हतं. ते का पटत नव्हतं, याचाच मी नंतर विचार करत राहिलो.

दादाच्या बाजूनं तीन गोष्टी बोलता येतात. पहिली, माझी जमीन, माझी मर्जी. ही गोष्ट गावात सगळ्यात जास्त ऐकू येते आणि सगळ्यात कमी टिकते. ज्याची वस्तू त्याच्या हद्दीत राहते त्यानं हे म्हणावं. कांदा लावणारा म्हणू शकतो, हरळी लावणारा नाही. जमीन त्याची आहे, पण काशी त्याची राहत नाही. दुसरी गोष्ट, हरळी काय, लावली नाही तरी येणारच होती. हे खरं आहे, आणि म्हणूनच फसवं आहे. पाऊसही येणारच असतो, म्हणून आपल्या पन्हाळीचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर सोडता येत नाही. आपोआप येणाऱ्या हरळीला मालक नसतो. लावलेल्या हरळीला असतो. ज्यानं दुधाचे पैसे घ्यायचे ठरवलं त्यानं काशाही आपल्या नावावर घेतल्या. फायदा माझा आणि पसारा निसर्गाचा, अशी वाटणी कुठल्याच तलाठ्याला मांडता येणार नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. माझ्यावर अन्याय झाला तेव्हा कुणी विचारलं नाही, मग मीच का विचारू? इथं तर्काचा उपयोग कमी पडतो. ज्याचं रान दुसऱ्यांच्या पाण्यानं मेलं त्याला आपण सांगायचं की तू मात्र शेजाऱ्याची काळजी घे. ऐकायला हे धडधडीत अन्यायाचं वाटतं. वरच्या पट्ट्यातले लोक वाईट नव्हते. त्यांनी मीठ पेरलं नव्हतं, ऊस लावला होता. पाणी आतून जातं, दिसत नाही, त्याला बांध ओलांडताना कुणी बघितलं नाही. हरळी दिसते, म्हणून तिच्यावर भांडण होतं. म्हणजे आपण दोष मोजतो तो नुकसानीच्या मापानं नाही, तर दिसण्याच्या मापानं. हरळी वर्षाला चार-सहा हात सरकते आणि खांदून काढता येते. खार एकदा वर आला की दोन पिढ्यांनाही हटत नाही. तरी गावात हरळीवाल्याला नावं ठेवतात आणि ऊसवाल्याला बागायतदार म्हणतात.

इतकं सगळं मान्य करूनही दादाचा प्रश्न मला उलटा लागू करावासा वाटतो. वरच्यांनी विचारायला हवं होतं, असं त्याला वाटतं ना? मग विचारायला हवं, हा नियम त्यानंच मांडला. नियम मोडला गेल्याचा राग येतो तेव्हा तो नियम आपल्याला हवा असतो. तो आपल्यापासून मोडीत काढला तर आपल्या तक्रारीचंच मूळ जातं. मात्र यातून निघणारा दुसरा भागही तितकाच खरा धरला पाहिजे. दादानं आमच्या कांद्याची काळजी घ्यायची असेल तर त्याच्या चोपणाची काळजी 'ते त्याचं नशीब' म्हणून सोडून देण्याचा हक्क कुणालाच राहत नाही. जबाबदारी ही खालच्या अंगाच्या माणसावरच सुरू होत असेल तर तिला जबाबदारी म्हणू नये, जोर म्हणावं.

आणखी एक. आण्णांनी सरळ 'नको' म्हटलं असतं तर ते त्यांच्या हक्कात बसलं असतं का? त्यांचे तीस उन्हाळे त्या नकारामागं उभे होते. पण दादाच्या पुढं दुसरा रस्ता काय होता? म्हशी विकायच्या आणि दुसऱ्याच्या उसात तोडीला जायचं. एका बाजूला नुकसानीची भीती आणि दुसऱ्या बाजूला पोटाचा प्रश्न असला की दोन्ही तागडीत घालून सारखं म्हणता येत नाही. ज्याला थोडा त्रास होणार आहे त्यानं त्रास शून्य व्हावा म्हणून दुसऱ्याचं सगळं बंद करावं, हाही एक प्रकारचा बांध कोरणंच झालं.

शेवटी तोड निघाली ती विचारातून नाही, आण्णांच्या वैरातून. ज्या माणसानं हरळी काढण्यात जन्म घालवला त्याच्याइतकं तिला कोण ओळखणार? दोन दिवसांनी ते स्वतः दादाच्या रानात गेले. मी मागं होतो. म्हणाले, "लाव. पर मी सांगतो तशी लाव."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. सगळ्या हरळ्या एक नसतात. शाळेच्या मैदानावरची बारीक आणि बुटकी, तिच्यात पोट भरत नाही. गायरानातली तारेसारखी, जनावर तोंड फिरवतं. कॅनॉलच्या कडेची उंच, लांब कांड्याची, रुंद पात्याची. दादानं चार ठिकाणची हरळी आणून चोपणात चार वाफे केले, आणि म्हशींना ठरवू दिलं. पुढच्या साली कॅनॉलची ठेवली, बाकीचे तीन वाफे खांदून टाकले. ते खांदायला आण्णा स्वतः बसले. टिफ्टनमध्ये हजारो रोपांवर जे झालं ते आमच्या ओढ्याला चार वाफ्यांवर झालं, एवढाच फरक.

लावणी आषाढात केली. तीन-तीन कांड्यांचे तुकडे, ताजे, ओल्या पोत्यात झाकून आणलेले. बोटभर खोल, एक टोक वर, मग पायानं दाबायचं. "मी उन्हात टाकून मारायचो, तू सावलीत ठेव," असं आण्णा सांगत होते. प्रत्येक सूचना म्हणजे त्यांच्या जुन्या युक्तीची उलटी बाजू. पहिल्या साली चारायची नाही, फक्त कापायची, म्हणजे खुरानं उपटत नाही. फुलावर येऊ द्यायची नाही, म्हणजे बी पलीकडं जात नाही आणि वैरणही कोवळी राहते. आपल्याकडच्या हरळीला कोस्टलसारखा वांझपणा नाही, तेव्हा तो वेळेवरच्या विळ्यानं आणायचा.

आणि बांधाच्या बाजूनं अट घातली. दोन हात रुंद, दोन हात खोल चर. तो दादानं काढायचा, दर पंधरा दिवसांनी त्यात उतरलेल्या काशा दादानं काढायच्या. त्याच्या रानातलं औजार काशा झाडल्याशिवाय आमच्या रानात यायचं नाही, भाड्याचा रोटाव्हेटर असला तरी. आमच्या बाजूनं बांधावर शेवरीची दाट ओळ आण्णांनी लावायची, कारण हरळी सगळं सोसते, सावली सोसत नाही. म्हणजे एक काम लावणाऱ्याचं आणि एक काम शेजाऱ्याचं. "समदं तुज्यावर न्हाई टाकत," आण्णा म्हणाले, "तू पाणी न्हवतं सोडलं." दादाच्या त्या दिवशीच्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर एवढंच होतं. शेवरीचा पाला पुढं दादाच्या म्हशींनीच खाल्ला, ही त्यावरची कडी.

हे सगळं नीट चाललं असं सांगून मी मोकळा होणार नाही. चर म्हणजे काही भिंत नव्हे. एका पावसाळ्यात चर बुजला, दादा तापानं पडून होता, आणि कांद्याच्या कडेच्या दोन वाफ्यांत हरळी दिसली. त्याच्या बायकोनं येऊन ती काढली. न सांगता आली, पाटी भरून काशा घेऊन गेली. त्या वाफ्यांत कांदा कमी निघाला, हेही खरं. वरच्या पट्ट्यातल्या ऊसवाल्यांकडं दादा आणि आण्णा मिळून गेले, निचऱ्याचा चर सगळ्यांनी मिळून काढू म्हणाले. दोघांनी हो म्हटलं, बाकीच्यांनी बघू म्हटलं. 'बघू' या शब्दात आमच्याकडं किती पावसाळे मावतात हे सांगायला नको.

तरीही मला वाटतं, आमच्या रानात त्या साली एक गोष्ट बदलली. हरळी चांगली का वाईट, हे कोडं आम्ही सोडवलं नाही. ते सुटण्यासारखं नाही, कारण ते हरळीत नाहीच. आम्ही एवढंच ठरवलं की लावलेल्या गोष्टीला मालक असतो, आणि मालकी म्हणजे नुसतं कापून नेणं नव्हे. जिथं आपली हद्द संपते तिथून पुढं आपल्या वस्तूचं काय होतं हे बघायला बांधावर यावं लागतं. दूध, ऊस, विहिरीचा उपसा, फवारणीचं औषध, पोरांना दिलेले संस्कार, सगळ्यांना काशा असतात. काहींच्या दिसतात, काहींच्या दिसत नाहीत.

आता आण्णा नाहीत. शेवरी दोनदा तोडून पुन्हा फुटली आहे. चर दर मृगाच्या आधी साफ करतो, एक साल दादा, एक साल मी. हा नंबर कुणी कागदावर लिहिलेला नाही. यंदा माझी पाळी आहे.